आहेराची ओळ कुठे गेली?

नागपूरच्या महाल भागातल्या एका छापखान्यात माझं जाणं-येणं आहे. लग्नसराईत तिथे पत्रिकांचा नुसता ढीग असतो. मांडणी तीच, नावं, तिथी आणि मंगल कार्यालय तेवढं बदलायचं. हे काम एआय एजंटकडून, म्हणजे सांगितलेलं काम स्वतःच पायरी-पायरीने करणाऱ्या प्रोग्रॅमकडून, होतं का ते पाहावं म्हणून मी स्क्रायबस या मोफत पानमांडणीच्या सॉफ्टवेअरला एक एजंट जोडून दिला. चहा येईस्तोवर त्याचा निरोप आला, 'पत्रिका तयार आहे.' ऑपरेटर काकांनी प्रिंट काढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "भाऊ, 'कृपया आहेर आणू नये' कुठे गेलं जी? पार्टी आपल्याला सोडणार नाही."

ओळ फाइलमध्येच होती. वधूपित्याचं नाव लांबलचक निघालं, मजकूर चौकटीत मावला नाही आणि शेवटची ओळ खाली दडली. अशा वेळी स्क्रायबस चौकटीच्या कोपऱ्यात फुलीचा छोटा लाल चौकोन दाखवतो. काकांच्या नजरेतून तो सुटलाच नसता. एजंटला मात्र पडदा दिसतच नव्हता.

हा एजंट माउस हलवत नाही. त्याच्या मुळाशी असलेल्या भाषा-मॉडेलला हत्यारांची, म्हणजे सॉफ्टवेअरकडून एकेक काम करून घेणाऱ्या आज्ञांची, एक यादी मिळते. प्रत्येक हत्याराचं नाव, दोन-चार ओळींचं वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवायची ते त्यात असतं. मॉडेल ती यादी वाचतं आणि 'हे हत्यार चालवा, हे आकडे घ्या' अशी मागणी लिहितं. प्रत्यक्ष काम सॉफ्टवेअर करतं आणि उत्तर मजकुरातच परत देतं. ही देवाणघेवाण ठरावीक पद्धतीने व्हावी म्हणून अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर 2024 मध्ये मॉडेल काँटेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केला. पण प्रोटोकॉल कुठलाही असो, मी जोडलेल्या एजंटपुरतं पान म्हणजे ती वर्णनं आणि ती उत्तरं, बस. माझी वर्णनं आणि उत्तरं तोकडी होती, म्हणून आहेराची ओळ गेली.

स्क्रायबसला पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतून आज्ञा देता येतात आणि त्यांची माहितीही लिहिलेली आहे. पण ती माणसासाठी. मजकुराची चौकट काढणारी आज्ञा घ्या. डावीकडून अंतर, वरून अंतर, रुंदी, उंची असे चार आकडे द्यायचे, 'दस्तऐवजात चालू असलेल्या एककात'. माणूस वरच्या पट्टीकडे बघतो, मिलिमीटर आहे की पॉइंट ते त्याला कळतं. एजंट ए-4 पान म्हणून 210 आणि 297 लिहून मोकळा होतो. दस्तऐवज पॉइंटमध्ये असेल, तर एक पॉइंट म्हणजे इंचाचा 72वा भाग; चौकट होते जेमतेम 74 बाय 105 मिलिमीटरची. म्हणजे ए-7, खिशातल्या डायरीएवढी! आज्ञा बिनबोभाट चालते, चूक कुठेच दिसत नाही.

इनडिझाइन या पानमांडणीच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे चौकटीच्या कडा वर, डावी, खाली, उजवी अशा क्रमाने द्यायच्या. रुंदी-उंची नाहीच. शिवाय स्क्रायबसच्या आज्ञांमध्ये पहिलं पान 1, तर इनडिझाइनच्या जावास्क्रिप्टमधल्या आज्ञांमध्ये पानांची मोजणी 0 पासून. एका सॉफ्टवेअरची सवय दुसरीकडे नेली की सगळं आडवंतिडवं. म्हणून एकक, क्रम आणि मोजणी कुठून सुरू, हे प्रत्येक हत्याराच्या वर्णनात पुन्हा लिहावं. माणसाला ते चऱ्हाट वाटेल, वाटू द्या. मात्र ही सगळी वर्णनं मॉडेलच्या मर्यादित वाचनजागेत बसवायची असतात, तेव्हा पुराणही नको.

मराठीची म्हणून एक भानगड आहेच. जुन्या फाइली कृतिदेवसारख्या फॉन्टमधल्या. पडद्यावर 'कि' दिसतं, आत मात्र इंग्रजी एफ आणि डी साठवलेले असतात, त्यातही वेलांटी आधी, क नंतर. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या आजच्या सर्वमान्य पद्धतीत, आधी क, मग वेलांटी. एजंटने अशी फाइल वाचली की त्याच्या हाती नुसता इंग्रजी अक्षरांचा काला लागतो, आणि तो बिचारा शुद्धलेखन सुधारायला बसायचा! वर्णनात मी आता लिहिलंय: 'हे हत्यार फक्त युनिकोड मजकूर वाचतं. जुना फॉन्ट आढळल्यास मजकुराला हात लावू नये, आधी रूपांतर करावं.'

सगळ्यात जास्त फरक पडला तो उत्तर बदलल्याने. आधी माझं हत्यार फक्त 'झालं' म्हणायचं. किती अक्षरं चौकटीबाहेर राहिली ते सांगणारी आज्ञा स्क्रायबसमध्ये तयारच आहे, मीच ती वापरली नव्हती. आता उत्तर येतं, 'चौकट भरली, 23 अक्षरं मावली नाहीत. उंची वाढवा किंवा अक्षर लहान करा.' काकांना लाल चौकोनातून जे कळतं, ते एजंटला या वाक्यातून कळतं.

दुसऱ्या खेपेला आहेराची ओळ आली. काकांनी पत्रिका लांब धरून पाहिली आणि विचारलं, "गणपती कुठे नेला?" एजंटने उंची वाढवायला जागा हवी म्हणून 'श्री गणेशाय नमः' खाली, मुहूर्ताच्या बाजूला सरकवलं होतं. आकड्यांच्या हिशेबाने अगदी चोख काम. काका म्हणाले, "लिहा तुमच्या त्या कागदात, गणपतीचा चौकोन वरच राहील, जागा कितीही कमी पडो." मी ते वाक्य चौकट हलवण्याच्या हत्याराच्या वर्णनात पहिल्याच ओळीत घातलं, काकांच्याच शब्दांत.