पेरभर निवडुंगाची आठ वर्षं

सग्वारो हा अमेरिकेतल्या सोनोरन वाळवंटाचा राजा. हात वर करून उभा असलेला हा निवडुंग 12 मीटरच्याही वर जातो आणि दीडशे-दोनशे वर्षं जगू शकतो. पण पहिल्या 8 वर्षांत त्याची उंची होते जेमतेम 3-4 सेंटीमीटर. बोटाच्या एका पेराएवढी! ते रोप शोधायचं तर पालो वर्दे किंवा मेस्किटसारख्या काटेरी झाडाच्या सावलीत गुडघे टेकून बसावं लागतं. तान्ह्या रोपाला उन्हापासून आणि थंडीच्या कडाक्यापासून जपणारं हे दाई-झाड. बसच्या खिडकीतून ते रोप दिसत नाही, एका दिवसाच्या सहलीतही दिसत नाही.

म्हणूनच वाळवंट शिकवायचं तर सहल पुरत नाही, इंटर्नशिप हवी, असं माझं ठाम मत आहे. काही आठवडे, जमलं तर वर्षभर, मुलांनी त्याच जागी पुन्हा पुन्हा जावं. हातात मोजपट्टी, तापमापक, नोंदवही असावी. वाळवंटातल्या बहुतेक घडामोडी एक तर रात्री होतात, नाही तर फार सावकाश, नाही तर पाऊस पडला की अचानक. दुपारी अकराला येऊन बाराला परतणाऱ्याला तिथे ‘काहीच नाही’ असं वाटलं तर त्याचा दोष नाही.

फड्या निवडुंगाचंच बघा. पहाटे उजाडायच्या आत एका फडीचा नखाएवढा तुकडा कापायचा, थोड्या शुद्ध पाण्यात ठेचायचा आणि त्यात पीएच कागद बुडवायचा. कागदाचा रंग आम्लाकडे झुकलेला दिसतो. त्याच झाडाचा तुकडा घेऊन संध्याकाळी हाच प्रयोग केला, तर आम्लता उतरलेली असते. हे असं का? बहुतेक झाडं दिवसा पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. वाळवंटात तसं केलं तर आतलं पाणी भराभर उडून जाईल. म्हणून निवडुंग रंध्रं रात्री उघडतो, आत आलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा दारं घट्ट लावून, त्याच साठ्यातून सूर्यप्रकाशाच्या मदतीने अन्न बनवतो. पुस्तकात हे दोन ओळींत संपतं. पण पहाटे उठून ज्या मुलीने कागदाचा रंग बदलताना पाहिला, तिला ते वेगळं पाठ करावं लागत नाही.

पायाखालची जमीनही शिकवते. काही ठिकाणी मातीवर काळपट, खडबडीत पापुद्रा दिसतो. तो जिवंत असतो. सायनोबॅक्टेरिया (प्रकाशावर अन्न बनवणारे सूक्ष्म जीवाणू), शेवाळं आणि दगडफूल यांनी मातीचे कण एकमेकांत विणून तो तयार केलेला असतो. वाऱ्याने माती उडू नये याची काळजी तोच घेतो. एका बुटाखाली तो मोडतो आणि भरून यायला कित्येक वर्षं, कधी दशकं लागतात. हे एकदा कळलं की मुलं आपणहून मळलेल्या वाटेवरून चालू लागतात.

इंटर्नशिपमध्ये खरं काम असावं, नुसतं बघणं नव्हे. सोनोरन वाळवंटात असं एक काम समोरच आहे: बफेल गवत उपटणं. हे परदेशी गवत 1930च्या दशकात गुरांच्या चाऱ्यासाठी ॲरिझोनात आणलं गेलं. वाळवंटातली मूळची झाडं अंतर राखून वाढतात, मधली जमीन मोकळी असते, त्यामुळे आग लागलीच तरी ती सहसा फार पसरत नसे. बफेल गवताने ती मोकळी जागाच भरून टाकली. वाळलेल्या गवतातून आग एका झाडावरून दुसऱ्यावर पोहोचते. गवत नंतर पुन्हा फुटतं, सग्वारो मात्र आगीत तगण्यासाठी घडलेलाच नाही. गवताचा ठोंब मुळासकट काढताना घामाघूम झालेल्या मुलाला ‘आक्रमक प्रजाती’ हा शब्द नीट समजतो.

उन्हाची काळजी अर्थातच आधी. काम पहाटे सुरू करून ऊन तापायच्या आत आवरायचं, पाणी भरपूर न्यायचं, बिळात किंवा दगडाखाली हात घालायचा नाही. विंचू पाहायचे तर रात्री, मोठ्यांच्या सोबतीने आणि अतिनील किरणांची विजेरी घेऊन. त्या प्रकाशात ते हिरवट-निळे चमकतात.

नोंदींचं मोल किती, ते ॲरिझोनातल्या टुसान शहराजवळच्या टुमामॉक टेकडीवर कळतं. तिथे 1903 मध्ये वाळवंट प्रयोगशाळा उभी राहिली. 1906 मध्ये तिथल्या जमिनीचे काही तुकडे आखून घेतले गेले आणि त्यांतल्या झाडांच्या नोंदी पुढच्या पिढ्यांनी चालू ठेवल्या.

मुलांच्या वहीतही तारीख, जागेचे अक्षांश-रेखांश आणि दाई-झाडाची खूण स्वच्छ लिहिलेली असावी. 15 वर्षांच्या मुलीने आज मोजलेलं पेरभर रोप साधारण 35व्या वर्षी फुलू लागेल, तेव्हा ती चाळिशी ओलांडलेली असेल. त्याला पहिला हात फुटेल तोवर ती निदान साठीकडे झुकलेली असेल. तेव्हा तिला किंवा दुसऱ्या कुणाला ते रोप नेमकं त्याच जागी सापडायला हवं.