वारली नक्षी अंगावर गोंदवून घेण्यापूर्वी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

डहाणूच्या आमच्या स्टुडिओत येणाऱ्या बहुतेकांनी वारली चित्रे पाहिलेली असतात, त्यामुळे त्या चित्रांची ओळख येथे करून देत नाही. पत्रक काढण्याचे कारण निराळे आहे. मोबाइलमधले एक चित्र दाखवायचे, मनगटावर बोट ठेवायचे आणि ‘एवढ्यात हे सगळे बसवा’ असे सांगायचे, हा प्रकार आता जवळजवळ रोजचा झाला आहे, आणि मग खुर्चीत बसलेल्याचा, बाहेर थांबलेल्याचा आणि आमचाही वेळ आकाराची घासाघीस करण्यात जातो.

सर्वाधिक मागणी तारपा नाचाची असते. मध्ये तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती हात गुंफलेल्या नाचणाऱ्यांचे वेटोळे. अशी पंचवीस माणसे दोन इंच व्यासाच्या वर्तुळावर उभी केली, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पाव इंच जागा येते. स्टेन्सिलवर ते सुरेख दिसते आणि पहिले काही महिने हातावरही दिसते, म्हणूनच आमचे म्हणणे ग्राहकांना पटत नाही. वारली माणूस दोन त्रिकोणांचा बनतो. वरच्याचे टोक खाली, खालच्याचे वर, आणि ती टोके जेथे भिडतात तेथे कंबर. भिंतीवर ते टोक टोकच राहते. त्वचेत मात्र शाई एक ते दोन मिलिमीटर खोलीवर, दुसऱ्या थरात जाते. तेथील पेशी तिचे कण धरून ठेवतात, पण वर्षे सरतात तशी प्रत्येक रेघ थोडी थोडी रुंद होत जाते. पाव इंचाच्या माणसात प्रथम कंबर भरते, मग दोन पाय एक होतात, मग डोके खांद्याला चिकटते, आणि अखेरीस मनगटावर नाच न उरता मुंग्यांची रांग उरते.

यासाठी आमचा नियम असा आहे की माणसाची आकृती किमान एक इंच उंचीची असावी आणि बारा नाचणाऱ्यांचे वेटोळे किमान साडेचार इंच व्यासाचे असावे. ते दंडावर, पाठीवर किंवा पोटरीवर चांगले बसते. मनगटच हवे असेल, तर एकटा तारपावाला, एखादे ताडाचे झाड किंवा हात धरलेली तीन माणसे घ्यावीत. आकार वाढवून आम्ही बिल वाढवतो, असा काहींचा समज आहे. आमचा दर इंचावर नसून लागणाऱ्या वेळेवर आहे, आणि लहान जागेत कोंबलेल्या पंचवीस माणसांना मोठ्या, मोकळ्या बारा माणसांपेक्षा अधिक वेळ लागतो.

हा नियम आम्ही टॅटूच्या यंत्राबरोबर शिकलेलो नाही. आमच्या पाड्यांवरील एखाद्या म्हाताऱ्या बाईचा हात उजेडात धरून पाहावा. तिच्या गोंदणाचा प्रत्येक ठिपका फुगलेला असतो, कडा हिरवट-निळ्या झालेल्या असतात, तरीही एक ठिपका दुसऱ्याला भिडलेला नसतो, कारण गोंदणारीने मधली जागा सोडलेली असते. तशी ठिपक्यांची नक्षी आम्ही आजही यंत्राविना, हाताने टोचून काढून देतो. तिला वेळ अधिक लागतो, परंतु ती जुनी होतानाही नीट दिसते, आणि पहिल्यांदाच टॅटू काढणाऱ्यास आम्ही आधी तीच सुचवतो.

पांढऱ्या शाईबद्दलही वारंवार विचारणा होते. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची रेघ उठून दिसते, म्हणून सावळ्या कातडीवर पांढरी शाई तशीच दिसेल असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु भिंतीवर रंग वर असतो, तर टॅटूत शाई खाली आणि त्वचेचा स्वतःचा रंग तिच्यावर असतो. त्यामुळे पांढरी रेघ लवकरच फिकट, पिवळसर होऊन जुन्या व्रणासारखी दिसू लागते. आम्ही केवळ पांढऱ्या शाईचे काम घेत नाही. भिंतीला पांढरे आणि अंगाला काळे, ही विभागणी आमच्या आजी-पणजींनी केलेली आहे आणि ती बदलण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

लग्नात सवाशिणी भिंतीवर जो चौक लिहितात, तो आणि त्यातील पालघट देवी आम्ही कोणाच्याही अंगावर काढत नाही. तो धवलेरीच्या, म्हणजे लग्न लावणाऱ्या पुरोहित बाईच्या, गाण्यांसह, त्या घरातील लग्नासाठी मांडला जातो, आणि या बाबतीत जादा पैसे देऊ केले तरी उत्तर बदलत नाही. चौकाबाहेर शेती, मासेमारी, मोर, वारुळे, झाडे असे पुष्कळ काही आहे. पद्मश्री जिव्या सोमा मशे यांनी १९७०च्या दशकापासून हीच चित्रसृष्टी कागदावर आणि कापडावर आणून जगभर नेली. त्यांच्या किंवा अन्य कोणा चित्रकाराच्या चित्राची नक्कल करण्याऐवजी आम्ही प्रत्येक ग्राहकासाठी नवी नक्षी रेखाटतो. तिचे शुल्क बिलातच धरलेले असते.

काजळी आणि बिब्ब्याचे तेल वापरून ‘अस्सल’ गोंदण करून द्यावे, असाही आग्रह काहीजण धरतात. बिब्ब्याने कातडीवर फोड येतात आणि घरची काजळी निर्जंतुक नसते. म्हणून नक्षी जुनी असली, तरी शाई बंद बाटलीतील आणि सुई आपल्यासमोर पाकीट फोडून काढलेली असते, व ती पुन्हा कोणासही वापरली जात नाही. अठरा वर्षांखालील मुलामुलींचे काम, पालक सोबत असले तरी, आम्ही घेत नाही.

सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या तरुणांनी विशेष काळजी घ्यावी. भरतीत कोपराच्या आतील बाजूपासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागील बाजूसच कायमचे गोंदण चालते. रूढीनुसार असलेल्या आदिवासी गोंदणाचा वेगळा विचार होतो, पण हौसेने काढलेला टॅटू त्या सवलतीत बसेल असे गृहीत धरू नये. चालू जाहिरात वाचून मगच जागा ठरवावी. टॅटूनंतर बारा महिने रक्तदान करता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

वेळ ठरवताना शरीराच्या त्या भागाचा फोटो, शक्यतो टेप धरून, दोन दिवस आधी व्हॉट्सॲपवर पाठवावा. त्याच मापाची नक्षी कागदावर छापून आम्ही तयार ठेवतो, आणि कागद अंगाला लावून पाहिल्यावर आकाराचा वाद बहुधा राहत नाही. आगाऊ रक्कम अंतिम बिलात वळती होते. मात्र ऐनवेळी नक्षीच बदलल्यास ती परत मिळत नाही. काम झाल्यावर खपली नखाने काढू नये आणि दोन ते तीन आठवडे समुद्रात उतरू नये. डहाणूला सहलीसाठी येणाऱ्यांनी म्हणूनच टॅटूची वेळ परतीच्या दिवशी घ्यावी. रेघ कोठे फिकी राहिल्यास दोन महिन्यांच्या आत ती एकदा विनामूल्य भरून दिली जाते.