गळती वेगळी, चढती ओल वेगळी

घर विकायला काढायचं ठरलं की आपल्याकडे पहिला फोन पेंटरला जातो. हॉलला पुट्टी, वर पीओपी, किचनला नव्या ट्रॉल्या, ओट्यामागे चकचकीत टाइल्स. हॉलच्या कोपऱ्यात तळाशी रंगाचे पोपडे सुटलेले असले तर ठरलेलं वाक्य येतं : "जरा ओल आहे, वॉटरप्रूफिंगचा एक हात मारून टाका." सांगली-मिरजेत दुरुस्तीची कामं घेताना हे इतक्यांदा ऐकलंय की आता मी आधी विचारतो, ओल कुठली? वरून आलेली, की खालून चढलेली? दोन्हींना आपण 'ओल'च म्हणतो आणि एकीचं औषध दुसरीला देऊन बसतो.

गळती सगळ्यांना ठाऊक आहे, तिच्यावर फार लिहीत नाही. गच्चीचा कोबा तडकला, कन्सील्ड पाइपचा सांधा सुटला, नहाणी ट्रॅपच्या भोवतीचं सिमेंट निघालं, शेजारच्या बाथरूमचं पाणी इकडे उतरलं. तिला एक उगम असतो. तो सापडला, बंद केला, भिंत वाळू दिली की रंग मारायला मोकळे. रात्री सगळे नळ बंद करून झोपायचं आणि सकाळी मीटरचा आकडा बघायचा. काटा हलला असेल तर पाइप फुटलाय. किचनमध्ये शिजवण्याच्या वाफेने भिंत घामेजते, ती तिसरी गोष्ट. ॲल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस भिंतीला लावा. पाणी फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला साचलं तर वाफ, भिंतीकडच्या बाजूला साचलं तर भिंतच ओली. वाफेला एक्झॉस्ट फॅन पुरतो.

खरा घोळ चढत्या ओलीचा आहे. हिला जुनी माणसं 'लोणा लागला' म्हणतात. समईच्या वातीत तेल जसं चढतं तसंच जमिनीतलं पाणी विटांच्या आणि दर्जांच्या, म्हणजे विटांमधल्या सांध्यांच्या, बारीक छिद्रांतून भिंतीत चढतं. चढता चढता वाळत जातं, म्हणून साधारण तीन फुटांच्या आसपास थांबतं. पाणी उडून जातं, पण त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. रंगाच्या मागे त्यांचे खडे वाढतात आणि आतून रंग ढकलतात. पोपडे सुटतात ते यामुळे. रंग हलका होता म्हणून दुकानदाराशी भांडण्यात काही अर्थ नसतो.

आपल्या भागात हे समजावणं खरं तर सोपं आहे. मिरज, वाळवा, पलूस या तालुक्यांत नदीकाठच्या ऊसपट्ट्यात क्षारपड जमीन कोणी पाहिली नाही? अति पाण्याने जमिनीतली पाण्याची पातळी वर येते, पाणी उडतं, वर पांढरी खार उरते आणि रान वाया जातं. भिंतीत चालतं ते हेच, फक्त उभ्याने. रानात निचऱ्याची पाइप टाकल्याशिवाय खार हटत नाही हे शेतकरी जाणतो. तोच माणूस हॉलच्या भिंतीवरची खार ब्रशने झाडून वर पुट्टी भरायला सांगतो, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

आता ज्या एका ठिकाणी बहुतेक जण चुकतात ते नीट सांगतो. पांढरी भुकटी दिसली म्हणजे चढती ओल, असं नसतं. गळतीचं पाणीही विटांतून आणि सिमेंटमधून जाताना क्षार घेऊन बाहेर येतं. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये भुकटी दिसते ती गळतीचीच. जमिनीतलं पाणी दोन मजले चढून जात नाही, तरी तिथेही 'लोणा' म्हणून केमिकल टोचून घेतलेली घरं मी बघितली आहेत. कधी ती भुकटी मुळात बुरशी असते : ओलं बोट फिरवा, विरघळली तर क्षार, फासली गेली तर बुरशी. एवढं कळूनही ओल कुठून आली ते कळत नाहीच. ते कळतं डागाच्या आकारावरून आणि वेळेवरून.

गळतीचा डाग एका जागेभोवती पसरतो, उगमाजवळ सगळ्यात गडद असतो, भिंतीच्या मधे किंवा छतापाशीही असू शकतो. वापर वाढला, पाऊस लागला की तो वाढतो. चढती ओल जमिनीपासून सुरू होते आणि वर एका आडव्या, थोड्या वेड्यावाकड्या रेषेवर संपते. ती रेषा भिंतीच्या दोन्ही अंगांना, दाराच्या चौकटीपलीकडेही, जवळपास त्याच उंचीवर सापडते. तळमजल्यावरच असते. आणि सगळ्यात जास्त फसवतो तो काळ : पोपडे भर पावसात कमी आणि दसरा-दिवाळीनंतर, भिंत वाळायला लागली की जास्त सुटतात. "पाऊस संपला तरी ओल वाढतेच आहे" अशी तक्रार आली की मी आधी स्कर्टिंगकडे, म्हणजे भिंतीच्या तळाच्या पट्टीकडे बघतो.

गेल्या वर्षी सांगलीच्या विश्रामबागेत एका काकांचं बैठं घर होतं, विकायचं ठरलेलं. किचनच्या सिंकमागची भिंत ओली. प्लंबरने ट्रॅप दोनदा बदलला, डॅडो (भिंतीवरच्या टाइल्स) फोडून पाइप नवा टाकला, तरी ओल तशीच. मी सिंककडे न बघता त्याच भिंतीच्या पलीकडे हॉलमध्ये गेलो आणि सोफा पुढे ओढला. मागे गुडघ्याच्या वर, मांडीपर्यंत तीच रेषा. ती दार ओलांडून बेडरूमच्या भिंतीवरही गेलेली. बाहेर आलो तर कारण पायाखालीच होतं : दोन वर्षांपूर्वी अंगणात भराव टाकून पेव्हिंग ब्लॉक बसवले होते, आणि ते जोत्यावरच्या डीपीसीच्या तीनेक इंच वर आले होते. डीपीसी म्हणजे जोत्यावर मुद्दाम घातलेला पाणी अडवणारा थर. त्याच्या वर माती-वाळू आली की पाणी थराला वळसा घालून सरळ विटेत शिरतं. अंगण 'देखणं' करून घराची किंमत वाढवायला निघालेली माणसं अशी स्वतःच्या हाताने लोणा लावून घेतात. गावभागातल्या जुन्या घरांची गत वेगळ्या वाटेने हीच : काळ्या दगडाचं जोतं पाणी चढू देत नव्हतं, पण रस्ता थरावर थर चढत वर आला, जोतं बुडालं आणि पाणी थेट दगडावरच्या विटांना भिडलं.

म्हणून उपायही वेगळा. गळतीत उगम बंद करायचा. चढत्या ओलीत बंद करायला नळच नसतो, वाट तोडावी लागते. आधी बाहेरून : भिंतीलगत दोन फुटांची पट्टी ब्लॉक काढून डीपीसीच्या खाली उतरवायची, खडी भरायची, पागोळ्यांचं पाणी लांब काढायचं. डीपीसी मुळात नसेलच तर विटांच्या भिंतीत तळाशी दर्जेत चार-पाच इंचांवर भोकं पाडून सिलेन-सिलॉक्सेन या पाणी अडवणाऱ्या रसायनाचं क्रीम भरतात. विटेत ते चालतं, ओबडधोबड दगडी भिंतीत भरवसा कमी. मग खारलेला गिलावा डागाच्या रेषेच्या वर आणखी फूटभर काढून टाकायचा, कारण तो गिलावाच क्षारांनी भरलेला असतो आणि हवेतलं पाणी ओढत राहतो. नंतर चुन्याचा गिलावा, चुन्याचा रंग. भिंतीला श्वास घेऊ द्यायचा.

वॉटरप्रूफ पुट्टीला माझा ठाम विरोध आहे. तळ बंद केला की पाणी थांबत नाही, वर चढतं, तीन फुटांची रेषा चार-पाच फुटांवर जाते. किचनमध्ये खालून ओट्यापर्यंत टाइल्स लावल्या की ओल टाइल्सच्या वर डोकावते, आणि भिंतीला चिकटवून बसवलेल्या ट्रॉल्यांचा प्लाय मागून फुगतो. खालच्या चार फुटांत पीओपी किंवा जिप्सम तर कधीच नको, ते पाणी पिऊन लगदा होतं. आणि पीव्हीसी पॅनेल? विक्रीच्या आधी हॉलच्या एकाच भिंतीवर, खालच्या अर्ध्यात, पॅनेल दिसलं की मी गिऱ्हाइकाला ते काढून दाखवा म्हणायला सांगतो.

पुराची ओल यात मिसळू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५. भिंती पाण्यात उभ्या होत्या, म्हणजे पाणी बाजूने भरलं, चढलं नाही. ते वरून खाली वाळत येतं, रेषा दर महिन्याला उतरते. भिंतीच्या जाडीच्या एका इंचाला एक महिना, असा जुना ठोकताळा आहे. नऊ इंची भिंतीला नऊ महिने. पूर ऑगस्टमध्ये आणि रंग दिवाळीला, अशा घाईत कितीतरी घरांचा रंग पुढच्या वर्षी पुन्हा निघाला.

विकणाऱ्याने आणखी एक ध्यानात घ्यावं. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. पॅनेलमागे झाकलेली ओल यात सहज बसते. गळती दुरुस्त करून विका, बिल दाखवा. चढत्या ओलीला मात्र वेळ द्यावा लागतो : यंदाच्या पावसात पकडायची, दिवाळीनंतर गिलावा काढायचा, पुढच्या पावसाळ्यानंतर रंग. तेवढा वेळ नसेल तर भिंत उघडी ठेवून भाव थोडा कमी करावा, हे माझं मत.

काकांनी वेळ दिला. ब्लॉकची पट्टी काढून खडी भरली, आणि मी सोफ्यामागच्या उघड्या विटांवर रेषेच्या कडेला पेन्सिलीने तारीख लिहिली. पुढे दर महिन्याला एक. घर बघायला मिरजेचं एक जोडपं आलं तेव्हा भिंतीला अजून रंग नव्हता. वहिनी खाली वाकून विचारत होत्या, "या कसल्या तारखा?" काकांनी वरपासून खालपर्यंत एकेक वाचून दाखवली. शेवटची स्कर्टिंगपासून चार बोटांवर होती.