‘पांढरी कावीळ’ म्हणजे नेमकी कोणती? एचआयव्हीसोबत हेपॅटायटिस बी आणि हेपॅटायटिस सी

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातील मराठी घरांत रक्ततपासणीमध्ये यकृताच्या विषाणूची लागण निघाली, की ‘पांढरी कावीळ’ झाली असे म्हणून मोकळे होतात. हे नाव मुळात हेपॅटायटिस बीचे. परंतु बोलता बोलता सीसुद्धा त्याच नावाखाली जातो, आणि दोन्हींत डोळे पिवळे होतीलच असे नसल्यामुळे रुग्णाला स्वतःला फरक जाणवत नाही. ज्याला एचआयव्हीचीही लागण आहे त्याला मात्र हा घोळ महागात पडतो, कारण एचआयव्हीची रोजची गोळी यांपैकी एका विषाणूवर चालते आणि दुसऱ्यावर मुळीच चालत नाही.

सरकारी ए.आर.टी. (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रातून बहुतेक प्रौढ रुग्णांना मिळणाऱ्या गोळीत टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम अशी तीन औषधे एकत्र असतात. त्यांतील पहिली दोन हेपॅटायटिस बीलाही दाबून ठेवतात, कारण बीचा विषाणू आपली नक्कल करताना जे विकर (एन्झाइम) वापरतो ते एचआयव्हीच्या विकराच्या जातीचेच असते. म्हणून अशा रुग्णाला बीसाठी सहसा वेगळे औषध लागत नाही. विषाणू दबतो, पण जात नाही. त्याचा जनुकीय साठा यकृताच्या पेशींच्या केंद्रकात ठाण मांडून राहतो. गोळी बंद झाली की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बी पुन्हा उसळी घेतो आणि क्वचित यकृत निकामी होण्यापर्यंत वेळ येते. गोळी चुकवणे एचआयव्हीसाठी वाईट आहेच, परंतु बी असलेल्याला तो धोका दुहेरी असतो.

सीमाभागात हे अधिक जपावे लागते. कोणी कामासाठी कोल्हापूर, पुणे किंवा गोव्याला जातो, तर कोणी गावातले ओळखीचे माणूस भेटेल या धास्तीने मुद्दाम राज्याबाहेरचे केंद्र निवडतो. यात गैर काही नाही. मात्र केंद्र बदलताना बदलीचे पत्र घ्यावे, नव्या ठिकाणी नाव चढेपर्यंत पुरतील इतक्या गोळ्या जवळ ठेवाव्यात, आणि त्या कागदावर बीची लागण स्पष्ट नोंदवलेली आहे की नाही हे पाहून घ्यावे. ही शेवटची नोंद माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. पुढे मूत्रपिंडावर ताण दिसल्यामुळे डॉक्टरांनी टेनोफोव्हिर काढून अबाकाव्हिर दिले, तर एचआयव्ही आटोक्यात राहील, पण बीसमोर एकटे लॅमिव्हुडिन उरेल आणि काही वर्षांत विषाणू त्याला दाद देईनासा होईल. अशा वेळी बीसाठी एंटेकाव्हिर जोडता येते. मात्र ते एचआयव्हीवरील पूर्ण उपचारासोबतच द्यावे लागते, कारण त्याचा एचआयव्हीवर थोडा परिणाम होतो आणि ते एकटे दिल्यास एचआयव्हीतच औषधप्रतिकार निर्माण होऊ शकतो.

हेपॅटायटिस सीची गोष्ट निराळी. तो पेशीच्या केंद्रकात शिरत नाही, त्यामुळे त्याला समूळ घालवता येते. एचआयव्हीच्या गोळ्यांचा त्याच्यावर परिणाम नाही. त्याला स्वतंत्र औषधे लागतात, पण ती ठरावीक मुदतीपुरतीच. यकृत आकसलेले नसेल तर सोफोस्बुव्हिर ४०० मिलिग्रॅम आणि डॅक्लाटास्व्हिर ६० मिलिग्रॅम रोज, १२ आठवडे. शंभरांतील ९५ च्या आसपास रुग्ण यातून बरे होतात, आणि एचआयव्ही असल्याने हा आकडा फारसा घसरत नाही. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सी दोन्हींची तपासणी व औषधे मोफत आहेत. मात्र रुग्ण अजून एचआयव्हीच्या एफाव्हिरेंझ या जुन्या औषधावर असेल तर डॅक्लाटास्व्हिरची मात्रा ९० मिलिग्रॅमपर्यंत वाढवावी लागते. डोल्युटेग्राव्हिरबरोबर तशी गरज नसते. क्षयरोगाचे रिफाम्पिसिन चालू असताना सीची ही औषधे देत नाहीत, क्षयाचा उपचार संपेपर्यंत थांबतात. म्हणून यकृताच्या डॉक्टरांकडे जाताना ए.आर.टी.चे पुस्तक घरी ठेवून जाणे, संकोच कितीही समजण्यासारखा असला तरी, परवडणारे नाही.

बी आणि सी दोन्ही असतील तर सी दबताच बी डोके वर काढतो, असे अनुभवाला आले आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये सीच्या औषधांवर तसा ठळक इशारा छापायला लावला. टेनोफोव्हिर चालू असेल तर ही बाजू बहुतांशी सांभाळली जाते, तरीही सीचा उपचार सुरू करण्यापूर्वी बीची तपासणी झालेली असावी.

तपासणीचा कागद वाचतानाही दोन्हींची पद्धत वेगळी आहे. बीमध्ये एचबीएसएजी (विषाणूच्या बाह्य आवरणातील प्रथिन) पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू आत्ता शरीरात आहे. सीमध्ये अँटिबॉडी पॉझिटिव्ह याचा अर्थ एवढाच की लागण कधीतरी झाली होती. आत्ता आहे का, हे रक्तात खुद्द विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी आरएनए तपासणी सांगते, आणि उपचार संपल्यावर १२ आठवड्यांनी तीच पुन्हा करून बरे झाल्याचे ठरवतात. बरा झालेल्या माणसाची अँटिबॉडी त्यानंतरही बहुधा पॉझिटिव्हच येत राहते, आणि पुढच्या एखाद्या आजारपणात तो कागद पाहून कोणी ‘पांढरी कावीळ अजून आहे’ म्हटले, तर आरएनएचा निगेटिव्ह अहवाल दाखवावा.