मसल कारची पुनर्निर्मिती

१९६०-७० च्या सुमाराच्या ताकदवान अमेरिकन गाड्यांचे रूप जसेच्या तसे ठेवून, आतली यंत्रणा आजची घालून, गाडी नव्याने बांधण्याचे काम. साध्या मध्यम आकाराच्या गाडीत दांडगे व्ही-८ (आठ सिलिंडरांचे) इंजिन बसवायचे ही मसल कारची मूळ कल्पना १९६४ च्या पाँटिॲक जीटीओपासून रुळली. त्याच वर्षी आलेल्या फोर्ड मस्टँगला जाणकार ‘पोनी कार’, म्हणजे आटोपशीर स्पोर्टी गाडी, म्हणतात, पण पुनर्निर्मितीचा विषय तिच्याशिवाय निघतच नाही.

जुनी गाडी मूळ स्थितीत आणली तर ते रिस्टोरेशन. जुन्या गाडीत नवे इंजिन-ब्रेक घातले तर रेस्टोमॉड. पुनर्निर्मितीत मात्र बॉडीसुद्धा कोरी असू शकते. डायनाकॉर्न ही कंपनी १९६७ ची मस्टँग फास्टबॅक (छत मागे उतरत जाणारी) आणि शेव्हरोलेची १९६९ ची कॅमॅरो यांच्या पूर्ण पोलादी बॉड्या तयार करते. फ्लोरिडातली रेव्हॉलॉजी फोर्डच्या परवान्याने नव्या मस्टँग बांधते.

कोरी बॉडी कशाला, हे जुन्या मस्टँगच्या पुढच्या काचेपाशी पाहिले की कळते. काचेखालच्या हवेच्या झरोक्यांतून पाने आत पडतात, पाणी तुंबते आणि पत्रा आतून सडतो. मग पावसात पाणी थेट पायांवर ठिबकते. तिथे हात पोचत नाही. पत्रे जोडणारे स्पॉट वेल्ड (ठिपक्याठिपक्याचे जोड) एकेक करून फोडावे लागतात.

खरी कसोटी इंजिन बसवताना लागते. फोर्डच्या ५ लिटरच्या ‘कोयोटी’ इंजिनाला दोन्ही बाजूंच्या हेडमध्ये (सिलिंडरांवरच्या भागात) दोन-दोन कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारे दांडे, असल्याने ते फार रुंद आहे. मस्टँगच्या बॉनेटखाली दोन्हीकडे शॉक ॲब्सॉर्बरचे उंच खांब असतात, त्यांत ते मावत नाही. खांब कापावेत, तर पुढच्या स्प्रिंगांचा भार त्यांच्यावरच असतो. म्हणून सस्पेन्शन नव्याने आखून पुढचा सांगाडा मजबूत करावा लागतो. मागचे पाटे जाऊन कॉइल स्प्रिंग आणि ड्रमच्या जागी डिस्क ब्रेक, हे त्यामानाने सोपे.

कारागिराचा हात ओळखायचा तो दरवाजाच्या फटीवरून. फट वरपासून खालपर्यंत एकसारखी हवी. नवा पत्राही आपोआप जुळत नाही. दरवाजा लावायचा, काढायचा, घासायचा, पुन्हा लावायचा, यातच दिवस जातात. रंगाच्या झगमगाटापेक्षा हे काम कितीतरी मोलाचे आहे. डॅशबोर्डवर मोठा स्क्रीन ठोकणे मात्र चूकच. काट्यांचे गोल मीटर गेले की गाडीचा चेहराच जातो.

अमेरिकेत २०१५ च्या कायद्याने छोट्या उत्पादकांना वर्षाला ३२५ पर्यंत प्रतिकृती विकण्याची वाट मोकळी झाली. नियमावली यायला पुढे काही वर्षे गेली. मूळ मॉडेल किमान २५ वर्षांपूर्वीचे हवे. अपघात-चाचण्यांच्या निकषांतून सूट मिळते, धुराच्या निकषांतून नाही. इंजिन आजच्या मर्यादांत बसणारेच लागते. साध्या फास्टबॅकवर पट्टे ओढून ती अस्सल शेल्बी (कॅरल शेल्बीने तयार केलेली जोरकस मस्टँग) म्हणून खपवणे ही शुद्ध फसवणूक. चेसिस नंबरमध्ये फेरफार करणे तिथे संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे, म्हणून नव्या गाडीवर तिचा स्वतःचा, नवा नंबर असतो.