पाडकाम (ठाणे शहर)

पाडकाम म्हणजे जुने, धोकादायक किंवा अनधिकृत बांधकाम ठरावीक क्रमाने उतरवून त्यातील साहित्य व राडारोडा जागेवरून हलविण्याचे काम. ठाणे शहरात ते मुख्यतः तीन कारणांनी होते : गृहनिर्माण संस्थेने स्वीकारलेला पुनर्विकास, महापालिकेने धोकादायक ठरविलेल्या इमारतीची रिकामी करून केलेली विल्हेवाट आणि अनधिकृत बांधकामावरील कारवाई. नौपाडा, चरई, पाचपाखाडी या जुन्या भागांत पहिला प्रकार अधिक दिसतो, तर मुंब्रा, दिवा आणि शीळ परिसरात तिसरा. वागळे इस्टेटलगतच्या किसननगर भागात समूह पुनर्विकास योजनेमुळे एकेका इमारतीऐवजी वस्तीच्या पातळीवर हा विचार सुरू झाला.

कायद्याचा आधार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात आहे. त्याच्या कलम २६४ खाली धोकादायक बांधकाम दुरुस्त करण्याचा, टेकू देण्याचा किंवा पाडण्याचा आदेश देता येतो, कलम २६८ खाली इमारत रिकामी करविता येते आणि कलम २६५-अ नुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट (बांधकामाच्या मजबुतीची तांत्रिक तपासणी) मालकाने किंवा भोगवटादाराने करून घ्यावयाचे असते. दर पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. तिच्यातील सी-१ वर्गाच्या इमारती तातडीने रिकाम्या करून पाडावयाच्या असतात, सी-२ए वर्गाच्या रिकाम्या करून दुरुस्त करावयाच्या असतात, सी-२बी वर्गाची दुरुस्ती रहिवासी आत असतानाही करता येते आणि सी-३ वर्गाला किरकोळ दुरुस्ती पुरते. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाटा येथे बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ जणांचा आणि ४ ऑगस्ट २०१५ रोजी नौपाड्यातील बी-केबिन भागात जुनी इमारत पडून १२ जणांचा मृत्यू झाला. या वर्गवारीकडे केवळ कागदी सोपस्कार म्हणून पाहणे किती महागात पडते, हे अशा दुर्घटनांवरून समजते. तरीही घर सोडण्यास रहिवासी कचरतात, आणि त्यामागचे भय खरे असते : प्रत्येकाच्या ताब्यातील क्षेत्रफळ मोजून त्याची नोंद झाल्याशिवाय भिंती पाडल्या, तर नंतर हक्काचा पुरावा उभा करणे भाडेकरूला फार जड जाते. म्हणून मोजणी आणि भोगवटादारांची यादी हा पाडकामाचाच पहिला टप्पा मानणे योग्य होय.

प्रत्यक्ष काम बांधकामाच्या उलट क्रमाने चालते. वीज, पाणी व गॅसच्या जोडण्या तोडल्यानंतर दारे, खिडक्या, ग्रिल, नळ आणि वायरी काढून विकल्या जातात. जुन्या चाळींत मंगलोरी कौले आणि सागवानी वासे यांना चांगली किंमत येते, आणि ठेकेदाराचा हिशेब बराचसा या मालावर व सळयांच्या भंगारावर बसतो. बाहेरून परांची बांधून हिरवी जाळी लावतात. त्यानंतर वरच्या मजल्यापासून खाली येत, आधी बाहेर झुकलेल्या बाल्कन्या व छज्जे, मग स्लॅब, तुळया आणि शेवटी खांब असा क्रम ठेवतात. खालच्या स्लॅबवर मलबा साचू देणे ही सर्वांत घातक चूक असते, कारण तो भार पेलण्यासाठी स्लॅब बांधलेलाच नसतो. ब्रेकरने फोडलेल्या काँक्रीटमधील सळया गॅस कटरने कापतात. मोकळ्या जागेत लांब बाहूचा पोकलेन हे काम झपाट्याने करतो, परंतु नौपाड्यातील अरुंद गल्लीत, शेजारची भिंत हातभर अंतरावर असताना, हाताने उतरवण्याला पर्याय नसतो. या कामातील सुरक्षिततेसाठी आयएस ४१३० हे भारतीय मानक आहे. त्याप्रमाणे आधी पाहणी, मग लेखी आराखडा आणि त्यानंतरच पहिला घाव, असा क्रम पाळला पाहिजे. छपरावरील जुने सिमेंटचे पत्रे अनेकदा ॲस्बेस्टॉसचे असतात. ते फोडल्यास घातक तंतू हवेत मिसळतात, म्हणून असे पत्रे ओले करून अखंड उतरवावेत.

घरातील पाडकामात स्वयंपाकघराचा ओटा, फरशी, न्हाणीघर आणि मधल्या भिंती येतात. आरसीसी (सळया घातलेल्या काँक्रीटच्या) सांगाड्याच्या इमारतीत मधली विटांची भिंत सहसा भार वाहत नाही. भारवाहक भिंतींच्या जुन्या इमारतीत मात्र तीच वरचे मजले तोलून धरत असते. भिंत कोणत्या प्रकारची आहे हे अभियंत्याने सांगावयाचे असते, फरशी बसविणाऱ्याने नव्हे. न्हाणीघराचा कोबा उखडताना जलरोधक थर फुटतो आणि गळती खालच्या घरात उतरते, त्यामुळे तो थर नव्याने देणे भाग असते.

राडारोड्याची विल्हेवाट हा या साखळीतील सर्वांत दुर्लक्षित टप्पा आहे. शहराला लांब खाडीकिनारा असल्याने रात्री डंपर खारफुटीत रिकामे करण्याचे प्रकार वर्षानुवर्षे घडत आले आहेत. अशा भरावाने भरतीच्या पाण्याची वाट बुजते, खारफुटी गुदमरून मरते आणि पावसाचे पाणी वस्तीत साचते. याच ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला आहे. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार दिवसाला २० टन किंवा महिन्याला एका प्रकल्पातून ३०० टन राडारोडा निर्माण करणाऱ्यांनी काँक्रीट, माती, विटा व गिलावा आणि पोलाद, लाकूड, प्लॅस्टिक असे वर्गीकरण करणे बंधनकारक झाले. डायघर येथे प्रक्रिया प्रकल्प असून, अशा प्रकल्पांत काँक्रीट चुरून मिळालेली खडी व वाळू पेव्हर ब्लॉकसाठी वापरता येते. २०२५ च्या नव्या नियमांनी २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या प्रकल्पांवर पुनर्वापराची जबाबदारी टाकली. एका सदनिकेच्या दुरुस्तीतून निघालेल्या आणि जिन्याखाली किंवा पदपथावर ठेवलेल्या गोण्या टनांच्या किंवा क्षेत्रफळाच्या या मर्यादांत येत नाहीत. त्या उचलण्याची व्यवस्था महापालिका आणि गृहनिर्माण संस्था यांनाच करावी लागते.