कातडीवरची खूण आणि एकदाच वापरायचा पेन

मिरजेच्या एखाद्या रुग्णालयात ऑपरेशनच्या दिवशी सकाळी वॉर्डात गेलं, तर कुणाच्या उजव्या गुडघ्यावर, कुणाच्या डाव्या कुशीवर, कुणाच्या भुवईच्या वर जांभळ्या शाईचा बाण दिसतो. डॉक्टर स्वतः येतात, पेशंटला विचारतात आणि मगच तो काढतात. नातेवाइकांचं लक्ष बाणाकडे असतं. ज्या पेनने तो काढला त्याच्याकडे सहसा कुणी बघत नाही. पेन डॉक्टरांच्या खिशातून निघून परत खिशात गेला, की बंद पाकिटातून निघून त्या एका पेशंटपुरताच राहिला, हा फरक बघणाऱ्याला किरकोळ वाटेल. मला तो महत्त्वाचा वाटतो. इथवर यायला शाईला, सुईला आणि ऑपरेशनच्या नियमांना मिळून दीडशेहून जास्त वर्षं लागली आहेत.

सुरुवात शाईपासूनच करायला हवी. १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किन या तरुणाच्या हाती डांबरापासून जांभळा रंग लागला आणि युरोपभर कृत्रिम रंगांची लाट आली. १८६१ मध्ये मेथिल व्हायोलेट आलं, पुढे १८८० च्या दशकात क्रिस्टल व्हायोलेट. कापड रंगवण्यासाठी केलेले हे रंग प्रयोगशाळेत शिरले, आणि १८८४ मध्ये डेन्मार्कचे डॉक्टर हान्स ख्रिस्तियन ग्राम यांनी याच कुळातलं जेन्शन व्हायोलेट वापरून जंतूंचे दोन गट वेगळे करून दाखवले. आजही लॅबच्या रिपोर्टवर ‘ग्राम पॉझिटिव्ह’, ‘ग्राम निगेटिव्ह’ असं लिहून येतं ते त्यांच्याच नावाने. हा रंग जंतूंना नुसता रंगवत नाही, मारतोही, हे लवकरच लक्षात आलं. १९१२ मध्ये चर्चमन या अमेरिकन डॉक्टरांनी त्याची मर्यादाही दाखवली: ग्राम पॉझिटिव्ह जंतूंवर हा रंग चांगला चालतो, ग्राम निगेटिव्ह जंतू मात्र त्याला बरेचसे पुरून उरतात. ही मर्यादा ध्यानात ठेवावी, पुढे तिचं काम आहे.

आपल्याकडे हा रंग घराघरांत ‘जांभळं औषध’ म्हणून आला. लहान मुलाचं तोंड आलं की कापसाच्या बोळ्याने जिभेला लावायचं, खरचटलं की गुडघ्याला फासायचं. दवाखान्यातले लोक त्याला जीव्ही (जेन्शन व्हायोलेट) पेंट म्हणतात. १९१८ मध्ये इंग्लंडमध्ये बॉनी आणि ब्राउनिंग यांनी क्रिस्टल व्हायोलेट आणि ब्रिलियंट ग्रीन यांचं मिश्रण ऑपरेशनआधी कातडी निर्जंतुक करण्यासाठी सुचवलं. या रंगाने कातडीशी नातं जोडलं ते असं औषध म्हणून. मात्र तो दिवस-दोन दिवस सहज टिकतो, घामाने जात नाही, आणि आयोडीन फासल्यावरही खालून दिसतो. खूण करायला याहून काय हवं? प्लास्टिक सर्जरीच्या टेबलावर काडीचं टोक वाटीतल्या रंगात बुडवून रेषा आखण्याची पद्धत पुष्कळ वर्षं चालली. १९६२ मध्ये जपानमध्ये युकिओ होरिए यांनी तंतूंच्या मऊ टोकाचा पेन आणला. त्या जातीच्या पेनात हीच जांभळी शाई भरली की झाला स्किन मार्कर, म्हणजे कातडीवर खूण करायचा पेन.

आता सुईकडे. १८६७ मध्ये ब्रिटिश सर्जन लिस्टर यांनी कार्बोलिक आम्ल या जंतुनाशकाने जखमा न चिघळता भरून येतात हे प्रसिद्ध केलं. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, १८९४ मध्ये, डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत मिशनचं रुग्णालय सुरू केलं. कोकण, गोवा, कर्नाटकातून लोक गाडीने मिरज जंक्शनला उतरू लागले, आणि हे गाव ऑपरेशनचं गाव म्हणून ओळखलं जाऊ लागलं. तो काळ जगभरच उपकरणं उकळण्याचा, वाफेवर निर्जंतुक करण्याचा होता. चाकू, चिमटे, टाके घालायच्या सुया, कपडे या सगळ्यांना त्या शिस्तीत जागा मिळाली. पेनाला मिळाली नाही, कारण ऑपरेशनच्या सामानात पेन नव्हताच. तो जेव्हा आला तेव्हा लिहायची वस्तू म्हणून आला. म्हणून तो निर्जंतुक करायच्या सामानाच्या यादीबाहेर राहिला, असं माझं मत आहे.

काचेची सिरिंज आणि स्टीलच्या डब्यात उकळलेल्या सुया आमच्या सांगली जिल्ह्यातल्या चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला आठवत असतील. गावचा डॉक्टर रांगेतल्या सगळ्यांना त्याच दोन-तीन सुयांनी टोचायचा, आणि पाणी नीट उकळलं की नाही हे विचारायची पद्धत नव्हती. प्लास्टिकच्या एकदाच वापरायच्या सिरिंजचं पेटंट न्यूझीलंडच्या कॉलिन मर्डॉक यांनी १९५६ मध्ये घेतलं होतं. खेड्यापाड्यांत ती रुळायला मात्र एचआयव्हीची भीती यावी लागली. १९८६ मध्ये चेन्नईत देशातल्या पहिल्या लागणी सापडल्या. सांगली जिल्हा पुढे जास्त प्रादुर्भाव असलेल्या जिल्ह्यांत गणला गेला, आणि १९९२ पासून संग्राम ही संस्था इथे देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या सोबतीने काम करत आली. त्या वर्षांत एक गोष्ट सामान्य माणसाने आपण होऊन शिकून घेतली: ‘डॉक्टर, नवी सुई घ्या, आमच्यासमोर फोडा.’ न शिकलेल्या म्हाताऱ्यासुद्धा हे बिनदिक्कत बोलू लागल्या. आरोग्याच्या बाबतीत लोकांनी स्वतः लावून घेतलेली इतकी मोठी शिस्त मला दुसरी आठवत नाही. जत्रेत एकाच सुईने गोंदवून घेण्याबद्दलची काळजीही त्याच सुमारास वाढली.

सुई रक्तात जाते, म्हणून तिची भीती पटकन पटली. पेन कातडीच्या वरच राहतो. अमेरिकेतले जंतुशास्त्रज्ञ स्पॉल्डिंग यांनी १९६८ मध्ये उपकरणांची जी वर्गवारी पक्की केली, तीत शाबूत कातडीला लागणारी वस्तू सगळ्यात कमी धोक्याची. त्या हिशेबाने पेन निर्धोक ठरतो. पण या पेनाने काढलेल्या रेषेवरूनच पुढे सुरी फिरणार असते, हे त्या हिशेबात बसत नाही.

खूण करणं सक्तीचं झालं ते वेगळ्याच कारणाने. चुकीच्या बाजूचं ऑपरेशन ही कुणालाही अंगावर काटा आणणारी चूक आहे, आणि ती प्रगत देशांतल्या मोठ्या रुग्णालयांतही होत होती. १९९५ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या टँपा शहरात एका पेशंटचा भलताच पाय कापला गेला आणि देशभर गदारोळ झाला. त्याआधीच, १९९४ मध्ये, कॅनडातल्या अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनेने सर्जनने ऑपरेशनच्या जागी आपली आद्याक्षरं लिहावीत अशी मोहीम काढली होती. काही वर्षांत अमेरिकेतल्या संघटनेनेही तेच केलं. १ जुलै २००४ पासून तिथल्या मान्यताप्राप्त रुग्णालयांना खूण करणं बंधनकारक झालं. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित शस्त्रक्रियेची तपासणी यादी आणली, आणि भूल देण्याआधीच्या प्रश्नांत ‘जागेवर खूण केली आहे का?’ हा प्रश्न आला. आठ शहरांत ही यादी वापरून पाहिली गेली, त्यांत नवी दिल्ली होती. २००९ मध्ये आलेल्या निष्कर्षांत मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलेलं दिसलं. हे श्रेय एकट्या खुणेचं नव्हे, सगळ्या यादीचं आहे. तरी खूण त्या यादीबरोबर जगभर गेली, आणि आपल्याकडे एनएबीएच या रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या मान्यतेच्या मागे लागलेल्या रुग्णालयांतही रुजली.

खुणेचे बारीक नियमही यातूनच ठरले. ऑपरेशन करणाऱ्यानेच ती करायची, शक्यतो पेशंट जागा असताना. फुली मारायची नाही, कारण फुली म्हणजे ‘इथे’ की ‘इथे नको’, हे दुसऱ्याला कळत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पेंटिंग आणि ड्रेपिंग, म्हणजे कातडीला औषध फासून भोवती चादरी घालणं, झाल्यावरही ती दिसली पाहिजे. इथे साधा बॉलपेन बाद होतो. त्याची शाई फिकी, टोक कातडी ओरबाडणारं. क्लोरहेक्झिडीन हे जंतुनाशक आणि अल्कोहोल यांच्या द्रावणाने घासून पुसल्यावर चांगल्या मार्करची खूणही फिकी पडते, तिथे बॉलपेन काय टिकणार!

म्हणजे एक चूक टाळण्यासाठी प्रत्येक पेशंटच्या अंगाला एक पेन लागू लागला, आणि तोच पेन सगळ्यांच्या अंगाला. जंतुसंसर्गाचा प्रश्न इथे उभा राहिला. आधी विचारलं गेलं की शाईमुळे जखम दूषित होते का. २००५ मध्ये अमेरिकेत निरोगी स्वयंसेवकांच्या हातावर खुणा करून, नेहमीप्रमाणे कातडी स्वच्छ करून तपासलं, तेव्हा खूण असलेल्या आणि नसलेल्या हातांत फरक आढळला नाही. हा मोठा दिलासा होता. दुसरा प्रश्न पेनाच्या टोकाचा. २००६ मध्ये ब्रिटनमधल्या प्रयोगात पेनांच्या टोकांना औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस, म्हणजे एमआरएसए, मुद्दाम लावला गेला. पर्मनंट मार्करच्या शाईत तो थोड्या वेळातच मेला. पांढऱ्या फळ्यावर वापरतात तसल्या पुसता येणाऱ्या शाईच्या पेनात मात्र तो बराच काळ तग धरून राहिला.

यावरून काही जण म्हणतात, मग पर्मनंट मार्कर वापरा आणि खुशाल सगळ्यांना तोच चालवा. मला हे पटत नाही. चर्चमनची मर्यादा इथे आठवावी. स्टॅफिलोकॉकस ग्राम पॉझिटिव्ह आहे. आपल्याकडच्या अतिदक्षता विभागांना छळणारे क्लेबसिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास हे सगळे ग्राम निगेटिव्ह, आणि जांभळी शाई त्यांच्यावर तितकी चालत नाही. शिवाय शाई असते टोकात. पेनाची दांडी आणि टोपण एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर, हातातून खिशात, खिशातून टेबलावर फिरत राहतं, आणि त्यांना शाईचा स्पर्शही होत नाही. कोरड्या पृष्ठभागावर असे जंतू दिवसच्या दिवस जगतात.

कॅन्सरच्या विभागात हा मुद्दा अधिक जड आहे. मिरजेत कॅन्सरच्या उपचारांसाठी दूरदूरच्या तालुक्यांतून लोक येतात. शेक द्यायचा, म्हणजे रेडिएशन द्यायचं, तर जागेच्या रेषा कातडीवर आखतात आणि त्या कित्येक आठवडे टिकवाव्या लागतात. त्या फिकट झाल्या की पुन्हा गडद करतात. शेकाने हुळहुळी झालेली कातडी, केमोथेरपीने खालावलेली प्रतिकारशक्ती, आणि एका दिवसात कितीतरी जणांवर फिरणारा एक पेन. प्रत्येक पेशंटच्या नावाचा वेगळा पेन सर्वांत आधी कुठे हवा असेल, तर इथे.

मार्च २०२० मध्ये कातडीवरच्या शाईचा आणखी एक वापर महाराष्ट्राने पाहिला. घरी विलगीकरणात राहायला सांगितलेल्यांच्या डाव्या हाताच्या पाठीवर शिक्का मारायचा निर्णय सरकारने घेतला. त्याच महिन्यात आपल्या जिल्ह्यात इस्लामपूरमध्ये एका कुटुंबातून कोरोनाची साखळी सुरू झाली आणि सगळ्या राज्याचं लक्ष तिकडे लागलं. संसर्ग रोखायला मारलेला तो शिक्का एका हातावरून दुसऱ्या हातावर जात होता, आणि लोक तेही बोलून दाखवत होते. बँकेत, पोस्टात सह्या करायला स्वतःचा पेन नेण्याची सवय अनेकांना त्या काळात लागली. पेनाकडे संशयाने बघायला आपण तेव्हा पहिल्यांदा शिकलो.

डिस्पोजेबल मार्कर दोन तऱ्हांचे मिळतात. निर्जंतुक पाकिटातले, बहुधा सोबत मोजायची कागदी पट्टी असलेले, आणि साधे. पाकिटातले इथिलीन ऑक्साइड वायूने किंवा गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेले असतात. गॅमा किरणांची सोय आपल्या देशाला नवी नाही, मुंबईत तुर्भे (ट्रॉम्बे) इथलं आयसोमेड केंद्र १९७४ पासून वैद्यकीय सामानासाठी हे काम करत आलं आहे. कातडी स्वच्छ करून झाल्यावर, हिरव्या चादरींच्या आत रेषा आखायच्या असतील, तर निर्जंतुक पेनाला पर्याय नाही. वॉर्डातली आदल्या दिवशीची खूण मात्र पुढे कातडी धुऊन-पुसून घेण्याआधीची असते. तिथे निर्जंतुक पाकिटाचा आग्रह धरून लहान नर्सिंग होमवर खर्च लादण्यात अर्थ नाही. नवा, साधा, एका पेशंटपुरता पेन पुरतो. तो फाइलच्या पाकिटात ठेवायचा, खूण फिकी पडली तर त्यानेच गडद करायची, आणि पेशंट घरी गेला की रुग्णालयाच्या कचऱ्याच्या नियमांप्रमाणे टाकून द्यायचा. ऑपरेशनच्या बिलात हातमोजे, टाके, सिरिंज अशा कितीतरी वस्तूंच्या ओळी असतात, त्यांत या पेनाची एक ओळ वाढली तर पेशंटची तक्रार असणार नाही. वॉर्डातल्या सिस्टरला ‘हा पेन आमच्यासाठीच आहे ना?’ असं विचारायलाही कुणी संकोचू नये.